शत्रूची भाषा, आपला आळस

बनारसला पोस्टिंग असताना एका रविवारी सारनाथला गेलो. धामेक स्तूपापाशी बीएचयूत चिनी शिकणारा एक मुलगा भेटला. चीनची भाषा, इतिहास आणि वारशावरच्या निबंध स्पर्धेसाठी टिपणं काढत होता. माझ्यासोबतचा एक जण फटकन म्हणाला, "गलवाननंतर हे धंदे?"

जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले. ते मी विसरलेलो नाही, म्हणूनच सांगतो: राग म्हणजे तयारी नव्हे. सीमेवरच्या बैठकीत समोरच्याचं बोलणं दुभाष्यामार्फत कळतं. तो काय आकाशातून पडतो?

सातव्या शतकात ह्युएन त्संग याच सारनाथला येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनावरून कनिंगहॅमने आपण विसरलेली कितीतरी बौद्ध स्थळं हुडकली. आपला इतिहास चिनी पानांत जपला गेला. ती पानं वाचणारा मराठी माणूसही होता. पुण्याच्या पु. वि. बापटांनी हिराकावांसोबत एक चिनी बौद्ध ग्रंथ इंग्रजीत आणला, १९७० साली भांडारकर संस्थेने तो छापला.

खिशात चिनी मोबाइल चालतो, पोराच्या तोंडी चिनी भाषा मात्र खुपते! मंडळी, त्या मुलाला टोमणे मारू नका. जमलं तर आपलंही पोर त्या वर्गात बसवा.