नाव झाकल्यावर

हबल दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ कुणाला द्यायची, हे ठरवणाऱ्या समित्यांच्या बैठकीत २०१८ पासून एक जादा माणूस बसतो. त्याने गुण द्यायचे नसतात, मतही मांडायचे नसते. चर्चा प्रस्तावावरून घसरून प्रस्ताव देणाऱ्यावर गेली, की ती थांबवायची, एवढेच त्याचे काम. ‘हा अमुक गटाचाच अर्ज दिसतो’ असे कुणी म्हणाले, की त्याने टोकायचे. ऐकले नाही, तर त्या प्रस्तावावरची चर्चाच बंद करण्याचा अधिकार त्याला आहे. त्याला ‘लेव्हलर’ म्हणतात.

विश्वाचे वय मोजणाऱ्या लोकांच्या बैठकीला असा राखणदार का लागावा?

उत्तर त्यांच्याच आकड्यांत आहे. हबलचा कारभार पाहणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेने अकरा फेऱ्यांचे आपले निकाल तपासले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रत्येक फेरीत पुरुषांच्या नेतृत्वाखालच्या प्रस्तावांना यश जास्त मिळाले होते. फरक दरवेळी थोडा होता, पण एकदाही उलटला नव्हता. स्त्रियांना डावलायचे, असे कुणी ठरवले होते असे नाही. ते आपोआप घडत होते आणि म्हणूनच कुणाला दिसत नव्हते.

आधी अर्धेमुर्धे उपाय झाले. नाव पहिल्या पानावरून आत नेले, मग आद्याक्षरांवर आणले. तफावत मिटली नाही. अखेर २०१८ मध्ये नाव पूर्ण काढून टाकले. आपल्याच जुन्या संशोधनाचा दाखलाही ‘आम्ही दाखवून दिले’ असा देता येईना. तो परक्याच्या कामासारखा द्यावा लागला. त्या फेरीत स्त्रियांचे ८.७ टक्के प्रस्ताव मंजूर झाले, पुरुषांचे ८ टक्के. एका फेरीने सगळे सिद्ध होत नाही. पण इतकी वर्षे न हललेला काटा नाव झाकताच हलला, हे नाकारता येणार नाही. जेम्स वेब दुर्बिणीची तर पहिलीच खुली फेरी याच पद्धतीने झाली.

यावर नेहमीचा आक्षेप अनुभवाचा. कोण करणार आहे, हे न पाहता इतकी महाग वेळ द्यायची कशी? त्याची सोय नियमात आहे. सगळ्या प्रस्तावांची क्रमवारी लागल्यावरच अर्जदारांच्या अनुभवाचे पान उघडले जाते. ते वाचून एखादा प्रस्ताव बाद करता येतो, वर मात्र चढवता येत नाही. अनुभवाची खातरजमा होते आणि नावाच्या वजनाला वाव उरत नाही. या पद्धतीचे सगळे मर्म या क्रमात आहे.

आपल्याकडे संशोधनाच्या बहुतेक अर्जांवर नाव, संस्था आणि मार्गदर्शक आधी दिसतात, कल्पना नंतर. ‘कुणाचा विद्यार्थी?’ हा प्रश्न तर विद्यापीठांच्या गावात सहज विचारला जातो. जिल्ह्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलीला त्याचे वजनदार उत्तर देता येत नाही. छाननी करणारी माणसे सज्जन आहेत, एवढ्याने तिचे समाधान का व्हावे? सज्जन माणसे बाल्टिमोरलाही होती. अकरा फेऱ्यांत त्या सज्जनपणाने काटा हलला नाही. तो नियमाने हलला. तेव्हा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची वेळ असो की सरकारी संशोधन निधी, जिथे जनतेच्या पैशातून उभे राहिलेले काही वाटायचे आहे, तिथे कल्पना आधी आणि नाव शेवटी, हा क्रम लेखी नियमाने बांधून घेतला पाहिजे. आणि फेरीगणिक निकालांचे आकडे जाहीर झाले पाहिजेत.