टपावरचा हिशोब

"गाडीत जागा नाहीये ना, मग मी थांबतो घरी. तुम्ही जाऊन या."

बाबा हे इतक्या सहज बोलून गेले की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. गणपती तीन आठवड्यांवर आलेले. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव, दीड दिवसाचा गणपती, आणि दरवर्षीची तीच ती सामानाची यादी घेऊन आई बसलेली. फरक एकच होता. या वर्षी यादीत एक व्हीलचेअर होती, एक कमोडची खुर्ची होती आणि एक वॉकर होता. डिसेंबरात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून आमच्या एसयूव्हीच्या डिकीत व्हीलचेअर ठेवली की उरते ती फक्त चपला ठेवण्यापुरती जागा. पाच माणसं, पाच बॅगा, पुठ्ठ्याचं मखर, चादरी... गणित काही सुटेना. ते बाबांनी आपल्यापुरतं सोडवून टाकलं होतं.

म्हणून मी आणि दादानं ठरवलं की, टपावर कॅरिअर लावायचा. (गाडीचा ईएमआय दादा भरतो, ज्ञान मी पुरवते. आमच्या घरात ही विभागणी जुनी आहे.) गाडीला कंपनीनंच दिलेल्या रूफ रेल आहेत, म्हणजे टपाच्या दोन्ही कडांना लांबीनं जाणाऱ्या त्या ऐटबाज दांड्या. आता त्यांच्यावर काहीतरी आणून ठोकायचं, की झालं! असं आपलं मला वाटत होतं.

नाना पेठेतला दुकानदार तर माझ्याहून बिनधास्त निघाला. त्यानं लोखंडी जाळीचा एक कॅरिअर काढून दाखवला. काळा, दणकट, बघताक्षणी लडाखला निघावंसं वाटेल असा. किंमत साडेचार हजार. "शंभर किलो टाका मॅडम, टेन्शनच नाही. परवा एकाच्या टपावरून फ्रीज पाठवला." मी विचारलं, पण आमची रेल किती वजन घेते? त्यावर त्यानं मला दिलेलं उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही. "रेलचा काय संबंध? वजन तर कॅरिअर घेतोय!"

संध्याकाळी हा किस्सा घरी हसत हसत सांगितला. सगळे हसले, बाबा सोडून. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. तुमच्यापैकी ज्यांनी जुना लाल डबा पाहिलाय त्यांना आठवेल, मागे लोखंडी शिडी आणि टपावर पोती, ट्रंका, करंड्या. झटक्यानंतर बाबांचे शब्द जरा अडखळत येतात. पण त्या दिवशी ते बऱ्याच महिन्यांनी एवढं सलग बोलले. "मॅन्युअल काढ. टपाचा आकडा बघ."

मॅन्युअल! गाडी घेऊन चार वर्षं झाली, ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलं नव्हतं. तुमचंही आलं नसेल, लावता पैज? काढाच. कारण सगळा फंडा तिथे आहे. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चक्क लिहिलेलं असतं की, या रेल फक्त शोभेच्या आहेत, त्यांवर वजन ठेवू नये. तसं असेल तर विषय संपला, दुकानदार काहीही सांगो. आमच्या नशिबानं आमच्या रेल खऱ्या निघाल्या. आकडा होता ५० किलो. आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, कॅरिअरच्या वजनासह.

हे 'कॅरिअरच्या वजनासह' नीट वाचा. तो लडाखी जाळीवाला एकटाच १८ किलोंचा होता. म्हणजे सामानाला उरतात ३२. आणि कॅरिअरवर शंभर लिहिलेलं असो की दोनशे, टप, रेल आणि कॅरिअर यांतला जो आकडा सगळ्यांत लहान तोच खरा. शिवाय हा आकडा गाडी चालत असतानाचा आहे. उभ्या गाडीचा टप त्याहून कितीतरी जास्त पेलतो, म्हणूनच टपावर तंबू लावून त्यात दोन माणसं झोपू शकतात. चालत्या गाडीत मात्र प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक आणि घाटातलं प्रत्येक वळण ते वजन ओढत असतं.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी टपावर काय जाणार ते ठरवलं आणि कॅरिअर त्यानंतर. बाबांचा नियम सोपा होता, टपावर हलकं, पोटात जड. व्हीलचेअर १७ किलोंची. ती टपावर टाकायची दादाची आयडिया होती, पण ती तिथून उतरवणार कोण? वाटेत चहाला थांबलं, बाबांना उतरायचंय, पाऊस पडतोय आणि दादा टायरवर उभा राहून पट्टे सोडतोय... नकोच. व्हीलचेअर डिकीत, हाताशी. कपड्यांच्या बॅगा, चादरी आणि मखर वर.

हलकं पण ऐसपैस सामान म्हटल्यावर जाळीची गरजच उरली नाही. दोन आडवे बार आणि त्यांवर बांधायची वॉटरप्रूफ कापडी बॅग, बस! बार अ‍ॅल्युमिनियमचे, साडेपाच किलो. बॅग साडेचार. एकूण १०, म्हणजे सामानाला ४० किलो. बॅगांचं वजन आम्ही बाथरूममधल्या वजनकाट्यावर केलं. आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं. (माझा पहिला आकडा छापणार नाहीये.) वहिनीची बॅग ११ किलो भरली तेव्हा घरात काही वेळ शांतता होती.

बार घेताना एक गोष्ट आधी बघून ठेवा. रेल आणि टप यांच्यामध्ये फट आहे का? बोटं आरपार जात असतील तर बारचा पाय त्या रेलला खालून कवळा घालतो आणि निवड सोपी होते. रेल टपाला चिकटून असेल तर त्या मॉडेलसाठीच बनवलेला फिटिंगचा संच लागतो, 'सगळ्या गाड्यांना बसतो'वाला चालत नाही. सगळ्यांत सेफ म्हणजे गाडीच्या कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या यादीतले बार, किंवा थुले, याकिमासारख्या ब्रँडच्या चार्टमध्ये आपलं मॉडेल, वर्ष आणि रेलचा प्रकार शोधून घेतलेले. आम्हाला हे प्रकरण जाळीच्या पाचपट महाग पडलं. दादानं दोन दिवस तोंड पाडलं होतं. पण टपाला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून स्वस्तात बसवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पावसाळ्यात गळेल ते वेगळंच, आणि मूळ गाडीत फेरफार म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाट बघत बसलेलंच आहे.

बारचा आकारही बघा. चौकोनी बार स्वस्त असतात, पण वाऱ्यात आवाज करतात. विमानाच्या पंखासारखे चपटे बार बरेच शांत. सनरूफवाल्यांनो, काच वर उचलली जाऊन बारला आपटत नाही ना, हे गाडी घराखाली उभी असतानाच तपासा. डिकीचं दार पूर्ण उघडून बघा, ते बॅगेला लागतं का. आणि उंची! आमच्या बेसमेंटच्या तोंडाशी '२.१ मीटर' अशी पाटी आहे, जी मी आजवर कधी वाचली नव्हती. बॅग बांधल्यावर आमची गाडी साधारण २.२ झाली. म्हणून निघायच्या पहाटे बॅग सोसायटीच्या गेटबाहेर, वॉचमनकाकांच्या देखरेखीखाली भरली गेली.

पेट्रोलचा फटका बसतोच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार टपावरचा मोठा, बोजड बॉक्स मायलेज शहरात २ ते ८ टक्के आणि हायवेला ६ ते १७ टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो. म्हणजे काम झालं की बार काढून माळ्यावर टाका. वर्षभर रिकामे बार मिरवणारे लोक मला माहीत आहेत. स्टाइल म्हणून ठीक, पण त्या स्टाइलचं बिल पंपावर येतं.

तर आम्ही निघालो. पुढच्या सीटवर बाबा, मांडीवर आईनं दिलेला नॅपकिन, हातात आधाराची पट्टी. पौड मागे पडलं, रस्ता जरा मोकळा मिळाला, दादानं स्पीड घेतला आणि टपावरून आवाज सुरू झाला. घूंऽऽऽ. एखादा भला मोठा भुंगा अडकल्यासारखा. वहिनी म्हणाली बार सैल झाला. दादा म्हणाला बॅगेची चेन उघडी आहे. मी गुपचूप त्या पाचपट किमतीचा विचार करत होते.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पट्टा... गातोय. चपटा पट्टा. पीळ दे त्याला."

मुळशीपाशी तसंही थांबायचंच होतं. नवे बार बसवले की तीसेक-चाळीस किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासायचे असतात. पाऊस भुरभुरत होता. दादानं बोल्ट बघितले, सगळे घट्ट. मग आम्ही दोघांनी पट्टे सोडून प्रत्येकाला एकेक पीळ दिला आणि पुन्हा आवळले. बाबा काच खाली करून बघत होते. डावा हात बाहेर काढून त्यांनी खूण केली, अजून एक.

गाडी निघाली. साठ, पासष्ट, सत्तर. टप गप्प. ताम्हिणी येईपर्यंत कुणी काही बोललं नाही आणि मग बाबांनी विचारलं, "मखर वर कुठल्या बाजूला ठेवलंय?"