उपसंपादकापर्यंत न पोहोचलेले संशोधन

रात्रीचे साडेदहा. शहराचे पान सोडायला अर्धा तास उरलेला असतो आणि गुन्हे वार्ताहराकडून दोन परिच्छेद येतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणाची आत्महत्या. नाव, गाव, राहण्याचे ठिकाण, पद्धत, चिठ्ठीतला मजकूर हे सारे पोलिसांनी सांगितलेले असते, म्हणून ते बातमीतही असते. उपसंपादक घाईत मथळा देतो, 'अपयशाला कंटाळून...', आणि पान जाते.

ही बातमी नंतर कुणीतरी मोजमाप लावून वाचते, हे त्या उपसंपादकाला बहुधा ठाऊकही नसते. पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र 'प्रोजेक्ट सायरन' नावाचा उपक्रम चालवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवर वृत्तपत्रांतल्या आत्महत्येच्या बातम्या तिथे तपासल्या जातात. पद्धत वर्णन केली का, एकच कारण चिकटवले का, मदतीचा क्रमांक दिला का, असे ते निकष. सुरुवात झाली ती इंग्रजी दैनिकांपासून.

याला पंडिती खटाटोप म्हणून उडवून लावणाऱ्यांनी व्हिएन्नाकडे पाहावे. तिथली भुयारी रेल्वे १९७८ मध्ये सुरू झाली. १९८४ नंतर तिच्या मार्गावरील आत्महत्या वाढू लागल्या आणि वृत्तपत्रे त्या रंगवून छापत होती. १९८७ मध्ये तिथल्या आत्महत्या प्रतिबंधक संघटनेने पत्रकारांसाठी सूचना तयार केल्या आणि वृत्तपत्रांनी बातम्यांची तऱ्हा बदलली. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत रेल्वेमार्गावरील आत्महत्या व तसे प्रयत्न ८० टक्क्यांहून अधिक घटले. रेल्वे तीच होती. बदल झाला होता तो छापील मजकुरात. याच ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. आत्महत्येचा विचार मनात येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचे प्रमाण कमी झालेले दिसले. म्हणजे संशोधक पत्रकाराला केवळ 'हे छापू नका' एवढेच सांगत नाहीत. काय छापावे हेही त्यांच्याकडे आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना दिल्या. पुढच्याच वर्षी मुंबईत एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी काय केले, ते सर्वांनी पाहिले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्या सूचनांकडे पुन्हा बोट दाखवावे लागले.

मग अडते कुठे? थोडे आमच्याकडे. 'आम्हाला बातमी शिकवू नका' हा आमचा जुना ताठा आहे आणि गुणपत्रिका कुणालाच आवडत नाही. पण संशोधकांचीही बाजू लंगडी आहे. त्यांचा निबंध इंग्रजी नियतकालिकात येतो, तोही बातमी रद्दीत गेल्यावर कितीतरी महिन्यांनी. त्यात 'माध्यमे' नावाचा एक अमूर्त प्राणी असतो; साडेदहा वाजता एकट्याने तीन पाने लावणारा उपसंपादक नसतो. पद्धत लिहू नका हे ठीक, पण पोलिसांच्या टिपणात तेवढेच असेल आणि शेजारच्या दैनिकात ते येणार असेल, तर त्याने काय करायचे?

भाषेचा प्रश्न तर कुणी हातीच घेतलेला दिसत नाही. इंग्रजीत गुन्ह्याचा वास असलेले क्रियापद टाळा, असे संशोधक सांगतात. मराठीत 'हत्या' त्या शब्दातच बसलेली आहे. 'जीवनयात्रा संपवली' हा आमचा सभ्य पर्याय. तो ऐकायला मऊ आहे, पण मरणाला विसाव्याचा रंग देतो; आमच्या मते तो अधिक वाईट. 'टोकाचे पाऊल' वाचताना तर ते धाडस वाटू लागते. यांतला कोणता शब्द वाचकावर काय परिणाम करतो, हे कुणी तरी वाचकांना विचारूनच तपासायला हवे. शेतकऱ्यांच्या मृत्यूंवर 'कर्जाला कंटाळून' ही दोन शब्दांची पाटी आपण वर्षानुवर्षे लावत आलो, त्याचेही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या आहेत. देशातील राज्यांत सर्वाधिक. रोजच्या साधारण ६२. त्यांतल्या कितीतरी बातम्या मराठीत लिहिल्या आणि मराठीतच वाचल्या जातात.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकलेल्यांच्या पिढ्या या शहरातल्या दैनिकांत आहेत. लॉ कॉलेज रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर. संशोधकांनी आठवडाभर रात्रपाळीला डेस्कवर येऊन बसावे. संपादकांनी त्यांना खुर्ची द्यावी, जुने अंक उघडून द्यावेत आणि निष्कर्ष बोचले तरी छापावेत. मग उपसंपादकाच्या टेबलावर चिकटवता येईल असा एक पानी मराठी कागद दोघांनी मिळून तयार करावा. त्यात पर्यायी मथळे असावेत आणि वार्ताहराने पोलिसांना विचारायचे वेगळे प्रश्नही. कागदाच्या तळाशी, बातमी सिंगल कॉलमी असली तरी कापायची नाही अशी एक ओळ: मनात असे विचार येत असतील, तर 'टेलिमानस' या मोफत सेवेला १४४१६ वर कोणत्याही वेळी फोन करा.