शुक्रवारच्या पेल्यातलं सरबत

हिवाळ्यातल्या सणांना कोणती वाइन चांगली, याची चर्चा हल्ली आपल्याकडेही कानांवर पडते. ज्यू लोकांची ‘कोशर’ वाइन हा त्यातलाच एक प्रकार. कोशर म्हणजे त्यांच्या धर्माच्या नियमात बसणारी. द्राक्षं चिरडण्यापासून बाटली भरेपर्यंत ती धर्म पाळणाऱ्या ज्यूंच्याच हातची लागते. मग कोकणातल्या खेड्यात ती आणायची कुठून? आपल्या बेने इस्राएल बायकांनी याचं उत्तर स्वयंपाकघरातच शोधलं: काळ्या मनुकांचं सरबत!

अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या भागातली ही मराठी बोलणारी मंडळी. आडनावंसुद्धा पेणकर, रोहेकर. पूर्वी ती तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो आणि भरलेल्या पेल्यावर ‘किद्दुश’ची प्रार्थना होते. थंडीत हनुक्काचे दिवे आठ रात्री लागतात. आठ दिवसांत एक शुक्रवार येणारच, म्हणजे सरबतही आलंच!

कृती अगदी सोपी. वाटीभर काळ्या मनुका निवडून, कोमट पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा. गार झाल्यावर हातानं कुस्करून फडक्यातून गाळा. साखर मुळीच नको. काही घरी न उकळता, नुसतं भिजवून गाळतात. दोन्ही चाखून पाहा. न उकळलेलं पातळ आणि हलकं लागतं. उकळलेलं दाट, गडद, गुळाच्या अंगानं जाणारं. शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा राहिला, तर मनुका चांगल्या समजा. फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा. बुडबुडे किंवा आंबूस वास आला, तर मुलांना देऊ नका.

एक मात्र लक्षात ठेवा. ज्यू पाहुणी घरी येणार असेल, तर कौतुकानं आधीच सरबत करून ठेवू नका. कुणाच्या हातचं, कोणत्या भांड्यातलं चालतं, हे घरोघरी वेगळं असतं. आधी विचारा. हवं तर मनुका आणि कोरं पातेलं तिच्या हाती द्या. आपण उपासाचं भांडं वेगळं ठेवतोच ना? तसंच हे.

१९४८ नंतर यातली पुष्कळ कुटुंबं इस्राएलला गेली. कोकणात थोडीच घरं उरली. तुमच्या ओळखीत अशी एखादी आजी असेल, तर तिचं प्रमाण तिच्याच तोंडून ऐका आणि वहीत उतरवून घ्या. ती सांगेल तेही मराठीतच.