संपातला माल न उचलण्याचा हक्क द्या
प्रति,
मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

तुर्भ्याच्या बाजारात माथाडी टोळीला एकच मालक नसतो. सकाळी या गाळ्याची गाडी, दुपारी त्या गोदामाची. अशा विखुरलेल्या कामगारांसाठीच अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. आज प्रश्न असा : तळोज्यात एखाद्या कारखान्यात संप आहे, आणि मालकाने कंत्राटी माणसांकरवी बाहेर काढलेला माल आमच्या टोळीपुढे आणून ठेवला. उचलला तर संप फोडला आम्हीच. नाही उचलला तर ‘बेकायदा संप’ म्हणायला मालक मोकळा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हा पेच आवळला. आधीच्या केंद्रीय कायद्यात १४ दिवसांच्या नोटिशीची सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती. आता ती सर्व औद्योगिक आस्थापनांना आहे. शेजारी आज टाळे लागले तर आमचा पाठिंबा पोचणार दोन आठवड्यांनी! बेकायदा संपाला चिथावणी दिल्यास १० ते ५० हजार रुपये दंड, महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. जाणूनबुजून पैसा पुरवला तरी तेच.

दुसऱ्यासाठी काम थांबवणे मुंबईच्या कामगाराला नवे नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. पगारवाढीचा तिथे प्रश्नच नव्हता. ८ डिसेंबर २०२० रोजी वाशीचा बाजार शेतकऱ्यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून बंद राहिला. मूळ संप कायदेशीर असेल तर सहानुभूतीचा संप करता आला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची संघटनस्वातंत्र्य समितीही मानते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. कायदेशीर संप चालू असलेल्या आस्थापनेचा माल चढवण्या-उतरवण्यास नकार देणे हा कामगाराचा हक्क मानावा. त्यासाठी टोळीची नोंदणी, मजुरी वा पाळी यांवर गदा येऊ नये. भाजी सडेल हा व्यापाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. शेतकऱ्याचा टोमॅटो आमच्या भांडणात नासू नये. नाशवंत माल आणि औषधे यातून वगळावीत, हे आम्हीच सुचवतो.

२. सहानुभूतीच्या एक दिवसाच्या संपाला ४८ तासांची नोटीस पुरेशी धरावी.

३. संपकऱ्यांच्या घरी धान्य, मुलांची फी, दवाखान्याचा खर्च पोचवणे म्हणजे संपाला पैसा पुरवणे नव्हे, असे स्पष्ट लिहावे. वर्गणीच्या पावतीपुस्तकावरून कोणाला पोलीस ठाण्यात बसवू नये.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्याने दुरुस्ती विधेयक मांडून राष्ट्रपतींची संमती मागावी, आणि मसुदा ठरण्याआधी माथाडी मंडळे व कामगार संघटनांची बैठक नवी मुंबईतच बोलवावी.

आपले,
तुर्भे बाजार व ठाणे-बेलापूर पट्ट्यातील संघटित कामगार