मुलाखतीची तयारी घरापासून

मुलाला वा मुलीला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले की मध्यमवर्गीय घरात एकच लगबग सुरू होते. नवा सदरा शिवला जातो, बुटांना पॉलिश होते, ओळखीच्या एखाद्या साहेबांना गाठून ‘काय काय विचारतात’ याची चौकशी होते आणि शंभर प्रश्नांची तयार उत्तरे पाठ होऊ लागतात. ही धडपड समजण्यासारखी आहे. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन केलेल्या शिक्षणाचे फलित त्या अर्ध्या तासावर अवलंबून असते. मात्र या लगबगीत आपण कोण आहोत हे नीट सांगण्याची तयारी राहून जाते आणि आपण नसलेले कुणीतरी दिसण्याचीच तयारी होते. मुलाखत फसते ती बहुधा इथेच.

माणूस पारखण्याचा हा प्रश्न नवा नाही. राज्याचा मंत्री कसा निवडावा हे सांगताना कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात कोणता गुण कोठे तपासावा याची सविस्तर मांडणी केली आहे. वक्तृत्व, धीटपणा आणि प्रसंगावधान संभाषणातून पाहावे. विद्येची पारख त्या विद्येतील जाणकारांकडून करून घ्यावी. शील मात्र सोबत राहणाऱ्यांना विचारावे, असे तो सांगतो. संभाषणातून काय कळते आणि काय कळत नाही, याचे केवढे हे भान!

आजची व्यवस्थाही याच मार्गाने चालते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ श्रेणीतील पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. वरिष्ठ पदांसाठी मात्र त्या कायम आहेत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी परीक्षेला १७५० गुण असतात, तर मुलाखतीला २७५. आयोग तिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. ही उलटतपासणी नसून सहज पण हेतुपूर्वक केलेले संभाषण आहे आणि उमेदवाराच्या ज्ञानाची परीक्षा लेखी पेपरांतच झालेली आहे, अशी आयोगाची भूमिका आहे. तरीही आपली मुले तेथे पुन्हा एकदा पेपर लिहायलाच जातात.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप मुलाखती घेताना आलेला एक अनुभव सांगतो. माण तालुक्यातील एका तरुणाने अर्जात ‘वाचन’ हा छंद लिहिला होता. अलीकडे कोणते पुस्तक वाचले, असे विचारताच तो गोंधळला. पुढच्या प्रत्येक उत्तराला घोकंपट्टीचा वास येऊ लागला. अखेर आमच्यापैकी एकाने त्याला घरच्या व्यवसायाविषयी विचारले. घरी मेंढपाळी होती. ती त्याने अर्जात ‘शेती’ या एका शब्दामागे दडवली होती. मग मात्र तो खुलला. दिवाळीनंतर कळप कोकणात कसे उतरतात, शेतात मेंढ्या बसविण्याच्या मोबदल्यात काय मिळते, वाटेत चाऱ्यावरून तंटे का होतात, हे त्याने असे सांगितले की आम्हीच विद्यार्थी झालो. ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत होती, तीच त्याची खरी शिदोरी होती.

म्हणून तयारीचा पहिला धडा म्हणजे स्वतःचा अर्ज. त्यातील प्रत्येक शब्दावर पाच मिनिटे बोलता आले पाहिजे. येत नसेल तर तो शब्द लिहू नये. आपले गाव, तालुका, तेथील पाणी, पिके, शिकलेला विषय यांची माहिती पक्की असावी. खासगी कंपनीत जाणार असाल तर ती काय बनवते आणि आपण तेथे कोणते काम करणार, हे आधी समजून घ्यावे. पोशाख स्वच्छ, साधा व सवयीचा असावा. वेळेपूर्वी पोहोचावे. प्रश्न पूर्ण ऐकून मगच बोलावे. उत्तर येत नसेल तर ‘क्षमा करा, मला हे ठाऊक नाही’ असे सरळ सांगावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर पुढच्याच प्रश्नाला उघडे पडते. मतभेद असेल तर तो सौम्य शब्दांत, पण कारणासह मांडावा. भाषेचा न्यूनगंडही नको. संघ लोकसेवा आयोगाची मुलाखत मराठीतून देता येते, तेथे दुभाष्याची सोय असते. मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठीत विचार अधिक नेमका उतरतो. जेथे इंग्रजी अनिवार्य आहे, तेथे ती मेहनतीने अवश्य शिकावी. उच्चारांची नक्कल करीत बसू नये.

आणि हे सारे आठ दिवसांत येत नाही. ज्या घरात मुलांना ‘तू गप्प बस, मोठे बोलत आहेत’ एवढेच ऐकायला मिळते, तेथील मूल पाच अपरिचित ज्येष्ठांसमोर अचानक मोकळे कसे होणार? रात्रीच्या जेवणाला दूरदर्शन संच बंद ठेवावा, मुलांचे मत विचारावे, ते पटले नाही तरी पूर्ण ऐकून घ्यावे. पाहुण्यांशी, दुकानदाराशी, बँकेतील अधिकाऱ्याशी त्यांना स्वतः बोलू द्यावे. चुकले तर कबूल करण्याचे धैर्य त्यांनी आपल्यात पाहावे. कौटिल्याने शील सोबत राहणाऱ्यांना विचारायला सांगितले. ते सोबत राहणारे म्हणजे आपणच. मुलाखतीच्या दालनात मूल एकटे बसते खरे, पण तेथे पारख आपल्या घराचीही होत असते.