बालसंगोपन : फुंकरीचा खेळ

मूल हुंदके देऊन रडूं लागलें, कीं घरांतील कोणीतरी वडील माणूस दरडावतें, "गप्प बैस!" प्रस्तुत लेखकानेंही वर्गांत हेंच शस्त्र वर्षानुवर्षें उगारलें. त्यानें मूल गप्प होई. शांत होत नसे. हा भेद फार उशिरां उमगला.

रडतांना श्वास आखूड व तुटक होतो. उच्छ्वास सावकाश लांबविला, कीं हृदयाची गति मंदावते व मनही निवळूं लागतें. पतंजलींच्या योगसूत्रांतील पहिल्या पादांत (सूत्र ३४) प्राण बाहेर सोडणें व आवरणें हा चित्तप्रसादनाचा एक उपाय सांगितला आहे. परंतु बालकास प्राणायामाचा उपदेश व्यर्थ. त्यास खेळच हवा.

आपलें बोट उभें धरावें. ही निरांजनाची ज्योत. ती विझूं न देतां लांब फुंकरीनें नुसती डोलवावयाची. किंवा भुंगा व्हावयाचें : ओठ मिटून, दम पुरेल तोंवर गुणगुणावयाचें. हठयोगांतील भ्रामरीचेंच हें बालरूप. श्वास कोंडून धरावयास मात्र लावूं नये.

खेळ हंसत्या वेळीं शिकवावा. आकांताच्या वेळीं आज्ञा न करितां आपणच बोट धरून फुंकर घालावी. पुष्कळदां त्या क्षणीं मुलापेक्षां आपलाच श्वास अधिक चढलेला असतो!

मूल निवळल्यावर रडण्याचें कारण अवश्य विचारावें. नाहींतर ही फुंकरही "गप्प बैस"चीच दुसरी आवृत्ति ठरेल.